आधी आभार, मग रोल

आमच्या फिल्म कॅमेरेवाल्यांच्या मेळाव्यात आभारप्रदर्शन सकाळी होतं. लोक अजून चपला काढत असतात, कुणी गळ्यात अडकलेला कॅमेऱ्याचा पट्टा सोडवत असतं, चहाचं पातेलं गॅसवर असतं, आणि अप्पा लाकडी स्टुलावर चढून आभार मानायला लागतात.

"चहा वेळेवर दिल्याबद्दल आमच्या मंडळींचे आभार. जेवणानंतर सतरंज्या झाडल्याबद्दल अकलूजच्या पाव्हण्यांचे आभार. दिवसभर मोबाइल पिशवीतून बाहेर न काढल्याबद्दल सगळ्यांचे आभार."

यातलं काहीच अजून घडलेलं नसतं.

पहिल्या वर्षी मला वाटलं, कार्यक्रमाचा क्रम चुकला. क्रम मीच लावला होता, त्यामुळे मी जरा घुश्शातच विचारलं. अप्पा म्हणाले, "शेवटी आभार मानायला उठलं की निम्मी माणसं बस पकडायला गेलेली असतात आणि उरलेली चपला शोधायलेली असतात. आणि बाई, काम झाल्यावर आभार मानून मिळतं काय? आधी मानले की माणसाला ते काम करावंच लागतं. सुटकाच नाही की."

माझी सगळी नोकरी एका कार्यालयात आवक-जावक सांभाळण्यात गेली आहे. लोकांकडून काम करून घेण्याचे बरेच उपाय मी पाहिले; त्यांत हा सर्वांत खात्रीचा. एका टेबलावर पडून राहिलेल्या फाइलबद्दल मी त्या गृहस्थांना सकाळीच म्हटलं, "जेवणाच्या सुट्टीआधी फाइल दिल्याबद्दल आभारी आहे." त्यांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं, पण फाइल आली.

अप्पा म्हणजे आमचे घरमालक. सोलापूरच्या भवानी पेठेत त्यांचं घर आहे, वर आम्ही भाड्यानं राहतो, खाली ते आणि काकू. घरामागे एक लांबट शेड आहे. तिथं पूर्वी माग चालायचे. आता शेजारच्या शेडमधले चालतात आणि त्यांची खटखट आमच्या भिंतीतून येते. अप्पांचा मागांशी संबंध वडिलांपुरताच. ते स्वतः एका मोठ्या दवाखान्यात एक्स-रे काढायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी त्यांच्या हातातून आणि तोंडातून एक्स-रे गेलेला नाही.

खोल्या बघायला मी प्रथम आले तेव्हा त्यांनी भाडं सांगायच्या आधी न्हाणीघर दाखवलं. दारावर एक लाल दिवा होता.

"हा दिवा लागलेला असला की दार उघडायचं नाही. आत रोल धुवायचं चाललेलं असतं. घराला आग लागली तरी उघडायचं नाही."

मागून काकूंचा आवाज आला, "आग लागली तर मी उघडणार. त्यांचा रोल जळू दे नाहीतर राहू दे."

न्हाणीघर दोन्ही घरांना मिळून एकच होतं. राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात माझी पंचाईत झाली. ऑफिसची वेळ झालेली, हातात टॉवेल, आणि दारावर लाल दिवा. आतून अप्पांचं मोजणं ऐकू येत होतं. ते अक्कलकोटकडचे, बोलतात मराठी, पण अंधारात मोजतात कन्नडमध्ये. ओंदु, एरडु, मूरु. काकू म्हणाल्या, "नूरु म्हणेपर्यंत बाहेर येत नाहीत ते. नूरु म्हणजे शंभर. बसा, तोवर भाकरी खाऊन घ्या."

त्या संध्याकाळी मी एक वेळापत्रक केलं. आंघोळी कुणाच्या कधी, कपडे कधी, रोल कधी. दारावर चिकटवलं. मला वाटलं होतं, घरमालक रागावतील. अप्पा चष्मा पुसून ते वेळापत्रक वाचत उभे राहिले, मग काकूंना हाक मारून आणलं आणि दाखवलं. दुसऱ्या दिवशी जिन्यात गाठून मला म्हणाले, "बाई, यंदाच्या मेळाव्याची सगळी व्यवस्था तुम्ही बघितल्याबद्दल फार आभारी आहे."

"कुठला मेळावा?"

"फिल्म कॅमेरेवाल्यांचा."

"तो कधी असतो?"

"अजून झाला नाही कधी. व्यवस्था बघणारं कुणी नव्हतं."

असा आमचा मेळावा सुरू झाला.

अप्पांनी फोटो काढताना पाहिलं नसेल तर त्यांची खरी ओळख झाली असं म्हणता येणार नाही. समोरच्याला ते हसा म्हणत नाहीत. आधी म्हणतात, "गळ्यातलं, खिशातलं काढून ठेवा." इतक्या वर्षांची सवय. एका नव्या नवरीनं खरोखरच मंगळसूत्र काढायला हात घातला, तेव्हा तिच्या सासूनं अप्पांना जे सुनावलं ते मी इथं लिहीत नाही. मग ते समोरच्याचे खांदे धरून सरळ करतात, हनुवटी बोटानं वर उचलतात, चार पावलं मागं जातात आणि हुकूम सोडतात: "मोठा श्वास घ्या. धरा." खट्. "सोडा."

त्यामुळे भवानी पेठेतल्या कितीतरी माणसांचा एकेक फोटो असा आहे की ज्यात ती छाती फुगवून, गाल ताणून, कुस्तीला उतरल्यासारखी उभी आहेत. आमच्या घरमालकीणबाईंचा दिवाणखान्यातला फोटोही तसाच आहे. पाहुण्यांनी विचारलं की काकू सांगतात, "छातीचा आहे. रिपोर्ट चांगला आला."

हसू त्यांना का नको? "हसणारा माणूस हलतो," अप्पा म्हणतात. दवाखान्यात हललेली फिल्म म्हणजे वाया गेलेली फिल्म. पेशंटला परत बोलवावं लागायचं. सगळ्या नोकरीत आपल्याला एकाही पेशंटला परत बोलवावं लागलं नाही, हे ते एवढ्या वेळा सांगतात की काकू पुढचं वाक्य स्वयंपाकघरातून पुरं करतात.

रोल धुतल्यावर त्याची छापील प्रत काढायची, हेही त्यांना मान्य नाही. निगेटिव्ह हाच फोटो. दोरीवर, टॉवेल आणि परकराच्या मधे, कपड्यांच्या चिमट्याला ओला रोल टांगायचा, उन्हाकडे धरून बघायचं, आणि निदान सांगायचं. "हे स्वच्छ आहे. इथं थोडं धूसर आहे, पण काळजीचं कारण नाही." निगेटिव्हमध्ये काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं होतं. म्हणजे पांढऱ्या केसांची माणसं एकदम काळ्या केसांची दिसतात. "छापला की माणूस म्हातारा होतो," अप्पा म्हणतात. "मग छापायचा कशाला?" आमच्या मेळाव्यातल्या साठीपुढच्या सगळ्यांना हा मुद्दा पटलेला आहे. दात काळे दिसतात, पण त्याकडे ते दुर्लक्ष करतात.

आता चादरींबद्दल. धुवायच्या आधी रोल डब्यातल्या चक्रीवर अंधारात गुंडाळावा लागतो. लोक त्यासाठी बाहेरगावाहून खास काळ्या पिशव्या मागवतात. अप्पांचं म्हणणं, सोलापुरात राहून काळी पिशवी विकत घेणं म्हणजे पेठेची बेअब्रू. ते चादरीच्या दुकानात जातात, घडी मोडायला लावतात, चादर डोक्यावर घेऊन दुकानाच्या पायरीवर उन्हात बसतात आणि आतून ओरडतात, "उजेड येतोय. दुसरी दाखवा." दुकानदार आता त्यांना ओळखतो. नवीन गिऱ्हाइकाला तो तिथल्या तिथं सांगतो, "ही अप्पांनी नापास केलेली आहे, पांघरायला घ्या."

पहिल्या मेळाव्यात शेडमध्ये पंधरा-वीस माणसं मांडी घालून, डोक्यावरून चादरी घेऊन बसली होती. आतून हात हलत होते आणि कुणीतरी पुटपुटत होतं. शेजारच्या बाई काहीतरी मागायला आल्या, दारातच थांबल्या आणि मला हळूच म्हणाल्या, "सगळ्यांना एकदमच सर्दी झाली का काय? वाफेत ओवा घातला का?"

या मेळाव्यात एक प्रथा आहे आणि ती सोडून बाकी सगळं बदललं तरी चालतं. टेबलावर अप्पांचा एक जुना कॅमेरा ठेवलेला असतो. त्यात सकाळी सगळ्यांदेखत एक रोल भरतात. हा सगळ्यांचा रोल. पहिला माणूस दुसऱ्याचा फोटो काढतो, दुसरा तिसऱ्याचा, तिसरा चौथ्याचा, असं दिवसभर चालतं. एका रोलवर छत्तीस फोटो बसतात, म्हणून मी नावंही तेवढीच घेते आणि फोटो झाला की नावापुढे खूण करते. अप्पा प्रत्येकाला श्वास घ्या, धरा, सोडा म्हणतात. संध्याकाळी ते रोल धुतात, दोरीवर टांगतात, प्रत्येक जण स्वतःला शोधून बघतो आणि मगच चहा होतो. ओला रोल बघितल्याशिवाय कुणी घरी जात नाही.

या रोलवर सगळे असतात, दोघे सोडून. मी, कारण मी खुणा करत असते. आणि अप्पा, कारण ते हुकूम देत असतात.

अप्पांची एक घोषणाही होती. पहिल्याच मेळाव्यात ते स्टुलावरून म्हणाले होते, "ज्या दिवशी माझ्या हातून रोल नीट भरला जाणार नाही, त्या दिवशी मेळावा बंद. फिल्मवर कुणाचा भरवसा राहणार नाही, तर कशाला लोकांना लांबून बोलवायचं?" कुणी हसलं नाही, कारण स्कूटरची गोष्ट सगळ्यांना माहीत होती. स्कूटर कुठं धडकली तर त्याच दिवशी सोडणार, असं अप्पा म्हणाले होते. ती एकदा शेजारच्या ओट्याला नुसती घासली. ओट्याला काही झालं नाही, स्कूटरला काही झालं नाही. संध्याकाळपर्यंत अप्पांनी ती दूधवाल्याला देऊन टाकली होती. तेव्हापासून चालत जातात. एकदा बोललं की संपलं.

गेल्या थंडीतला मेळावा. हुरड्याचे दिवस होते, शेडच्या पत्र्यावर कोवळं ऊन होतं. गर्दी नेहमीपेक्षा जास्त. अकलूजचे पाव्हणे त्या वर्षी कुटुंबाला घेऊन आले होते. त्यांची दूधडेअरी आहे आणि ते फक्त म्हशींचे फोटो काढतात. म्हणतात, म्हैस हलत नाही. कॅमेरे दुरुस्त करणारे चाचा आले होते. त्यांच्या छोट्या दुकानात आता घड्याळंच जास्त असतात, पण मेळाव्याला ते इस्त्रीचा शर्ट घालून येतात. बरेच जण पहिल्यांदाच आलेले होते. त्यांना बघून अप्पांना शिकवायचा उत्साह आला.

आभार मानून झाल्यावर त्यांनी कॅमेरा उचलला आणि रोल भरता भरता व्याख्यान सुरू केलं.

"रोलची ही जीभ इकडं ओढायची, या खाचेत घालायची. आता सगळ्यात महत्त्वाचं. कॅमेऱ्याच्या डावीकडं हे चाक आहे. उजवीकडचा दांडा ओढला की हे चाक फिरलं पाहिजे. फिरलं म्हणजे रोल पुढं सरकला. नाही फिरलं, तर जीभ सुटली. मग तुम्ही दिवसभर खटखट करत बसा, रोल जागचा हलत नाही. एकही फोटो येत नाही."

मग त्यांनी एका लग्नातल्या फोटोग्राफरची गोष्ट सांगितली. त्यानं हळदीपासून वरातीपर्यंत सगळं लग्न न सरकलेल्या रोलवर काढलं होतं, आणि आठ दिवसांनी नवरा-नवरीला परत शालू नेसवून, फेटा बांधून, वऱ्हाडाच्या जागी शेजारी उभे करून, अक्षतांसकट सगळं पुन्हा करून घेतलं होतं. अप्पांनी त्या दुसऱ्या लग्नातला भटजी असा काही करून दाखवला की शेड हसून लोळली. स्वतः अप्पाही हसत होते. हसत हसत त्यांनी कॅमेऱ्याचं झाकण लावलं, दांडा दोनदा ओढला आणि कॅमेरा टेबलावर ठेवला.

चाकाकडे कुणीही पाहिलं नाही.

दिवस मजेत गेला. श्वास घेतले, धरले, सोडले. दुपारी काकूंची शेंगाचटणी आणि दही होतं, हुरडा होता. अकलूजच्या पाव्हण्यांनी सतरंज्या झाडल्या, कारण त्यांचे आभार मानून झाले होते. माझ्या यादीतलं शेवटचं नाव संपलं तेव्हा ऊन शेडच्या दारापर्यंत मागं गेलं होतं.

"दांडा अजून ओढला जातोय," शेवटचा माणूस म्हणाला. "एखादा फोटो शिल्लक असंल."

रोल संपला की दांडा अडतो, पण छत्तीसच्या रोलवर कधी कधी एखाद-दुसरा जास्तीचा निघतो. मी अकलूजच्या वहिनींना पुन्हा उभं केलं. झाला. दांडा ओढला गेला. मग काकूंना. झाला. मग दारात डोकावणाऱ्या शेजारच्या बाईंना. दांडा अजून लोण्यासारखा सरकत होता.

चाचांनी कॅमेरा माझ्या हातातून घेतला. दांडा ओढला, डावीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम," ते अगदी हळू म्हणाले, "ये चक्का तो फिरताइच नै."

मी माझ्या खुणांकडे पाहिलं. सगळी नावं, सगळ्या खुणा, आणि एकही फोटो नाही. अप्पा तेव्हा न्हाणीघरात औषधं मिसळत होते. आम्ही तिघं, म्हणजे चाचा, अकलूजचे पाव्हणे आणि मी, शेडच्या कोपऱ्यात जमलो.

"सांगू नगा," पाव्हणे म्हणाले. "म्हातारा लई हट्टी हाय. स्कूटर दिली तसा मेळावा मोडून मोकळा हुईल."

"मगर धुयेंगे तो मालूम पडेगाच ना," चाचा म्हणाले.

"मग दुसरा रोल घालू की त्यात. माज्या कॅमेऱ्यातला काढतो. काढलेला रोल हाय, धुतला की फोटू येतील."

"तुमच्या रोलवर काय आहे?" मी विचारलं.

पाव्हण्यांनी जरा विचार केला. "म्हशी हायत."

"म्हणजे सगळ्यांना एकेक म्हैस येणार?"

"ओल्या रोलवर बारीक दिसतंय, ताई. कुणाला कळतंय?"

"हमारे नसरीनबीकू कळेगा," चाचा म्हणाले. नसरीनबी म्हणजे त्यांची बायको. त्या पहिल्या दहांत होत्या.

एवढ्यात अप्पा हात पुसत आले. कॅमेरा घेतला आणि रोल परत गुंडाळायची कडी फिरवायला लागले. एक वेढा, दुसरा वेढा. थांबले. कॅमेरा कानाशी नेला, पुन्हा फिरवून ऐकलं. दवाखान्यातले डॉक्टर छातीला नळी लावून ऐकतात तसं. मग, आम्ही काही बोलायच्या आत, भर उजेडात त्यांनी कॅमेऱ्याचं झाकण उघडलं.

फिल्मवाल्यांच्या समोर कुणी असं झाकण उघडणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळायचं नाही; उजेड लागला की काढलेलं सगळं जळतं. शेडमधल्या सगळ्यांचा श्वास एकदम अडकला. आत रोलची जीभ सकाळी ठेवली होती तशीच पडून होती, खाचेच्या बाहेर.

"श्वास सोडा," अप्पा सगळ्यांना म्हणाले. "सकाळपासून धरलेला सोडा. यात कुणीच नाही."



काकू दारातून म्हणाल्या, "सकाळी सगळ्यांना कोण सांगत होतं, चाक बघा, चाक बघा?"

"मीच," अप्पा म्हणाले. त्यांनी पट्टा नीट गुंडाळला आणि कॅमेरा चाचांपुढे धरला. "हा तुम्ही घ्या. मी बोललो होतो. मेळावा संपला."

चाचांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. "नक्को अप्पा. मेरेकू नक्को. मैं लिया तो तुम छूट जाते."

मग त्यांनी तो पाव्हण्यांपुढे धरला. पाव्हणे म्हणाले, "आमच्याकडं घुशी लई हायत," आणि मागे सरकले. अप्पा एकेकापुढे कॅमेरा धरत गेले आणि लोक एकेक पाऊल मागं जात राहिले. कुणालाच तो कॅमेरा घ्यायचा नव्हता. आणि अप्पांना तो आता खाली ठेवताही येत नव्हता. अप्पांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. ते रागावलेले नव्हते. दवाखान्यात ज्याला परत बोलवावं लागतं, त्या पेशंटसारखे दिसत होते.

मला समजूत घालता येत नाही. माझा स्वभाव तसा नाही. अशा वेळी मी कागद बघते. कागदावर सकाळच्या आभारांची टिपणं होती, कारण कुणाचं काय काम लागलं ते मी लिहून घेते.

"अप्पा," मी म्हटलं, "सकाळी तुम्ही शेवटचे आभार कशाचे मानलेत?"

"आठवत नाही."

"मी वाचते. 'चहाआधी सगळ्यांनी ओल्या रोलवर स्वतःला बघितल्याबद्दल सगळ्यांचे आभार.' आम्ही अजून बघितलेलं नाही. मग हे आभार तुम्ही परत घेणार का?"

अप्पांनी कागद बघायला मान पुढं केली.

"परत घेता येतात का आभार?" मी विचारलं. "तशी पद्धत असेल तर मी खोडते."

"पद्धत नाही," अप्पा म्हणाले. "एकदा मानले की मानले."

"मग काम बाकी आहे."

चाचांनी ती संधी घेतली. "और रोल तो पूरा कोरा हय, अप्पा. जीभइच जली, बाकी डब्बी में बंद हय. खराब क्या हुआ? कुछ बी नै."

हे खरंच कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. रोल सरकलाच नव्हता, म्हणून वायाही गेला नव्हता. सगळा दिवस तिथं जसाच्या तसा शिल्लक होता, फक्त ऊन तेवढं संपत आलं होतं.

"मी भरणार नाही," अप्पा म्हणाले. "ते ठरलंय." मग त्यांनी कॅमेरा माझ्या हातात दिला. "बाई भरतील. खूण केल्याशिवाय त्या पुढं जात नाहीत."

मी मागं सरकायला विसरले.

इतकी वर्षं त्या घरात राहून, रोल धुवायचं वेळापत्रक लावून, मी कधी कॅमेऱ्यात रोल भरलेला नव्हता. शेड भरून माणसं भोवती जमली आणि सगळी एकदम शिकवायला लागली. काकूसुद्धा. मी सांगितलं, एकेकानं बोला. जीभ ओढली. खाचेत घातली. झाकण लावलं. दांडा ओढायच्या आधी मी डावीकडच्या चाकाला बॉलपेननं एक ठिपका केला, म्हणजे फिरलं की नाही याबद्दल वाद नको. दांडा ओढला. ठिपका सरकला. मागून पाव्हणे म्हणाले, "फिरलं की," आणि सगळ्यांनी ते बघायला डोकी पुढे घातली.

एकेकाचे फोटो काढण्याइतका उजेड आता नव्हता. मी पटापट ठरवलं: सगळ्यांनी दारासमोर तीन ओळींत बसायचं, कॅमेरा तीन पायांच्या स्टँडवर, एकानं येऊन फोटो काढायचा आणि पळत जाऊन ओळीत बसायचं, मग दुसऱ्यानं यायचं. प्रथा मोडत नव्हती. उजेड कमी असला की कॅमेऱ्याची झडप जास्त वेळ उघडी ठेवावी लागते. तेवढ्यात जो हलेल तो पुसला जाईल, हे चाचांनी सगळ्यांना बजावलं.

अप्पा बाजूला उभे होते. त्यांना करायला काही उरलं नव्हतं. काकूंनी त्यांचा हात धरून त्यांना मधल्या ओळीत, मधोमध बसवलं. "गळ्यातलं, खिशातलं काढा," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या खिशातला चष्म्याचा डबा काढून घेतला.

पहिला फोटो माझा, म्हणजे मी काढायचा. मी कॅमेऱ्यातून पाहिलं. सगळी ओळखीची माणसं, आणि मधे अप्पा, हनुवटी वर करून, पाठ ताठ. मी त्यांच्याच आवाजात म्हणायचा प्रयत्न केला.

"मोठा श्वास घ्या."

तीन ओळींच्या छात्या एकदम वर आल्या.

"धरा."

अप्पांनी आयुष्यभर हा हुकूम दिला होता. समोरून तो त्यांना पहिल्यांदाच मिळत होता. त्यांनी श्वास घेतला, धरला, गाल फुगले, डोळे मोठे झाले, आणि झडप उघडी असतानाच त्यांना हसू फुटलं.

"सोडा," मी म्हटलं, पण ते केव्हाच सुटले होते.

मग चाचा आले आणि म्हणाले, "सास लेव. पकडो." अप्पा पुन्हा हसले. पाव्हणे म्हणाले, "म्हशीवाणी गप बसा," तेव्हा तर त्यांना खोकलाच लागला. दर वेळी नवा माणूस त्यांचा हुकूम आपापल्या आवाजात द्यायचा आणि दर वेळी तसंच व्हायचं. दरम्यान कुणीतरी मलाही ओढून शेवटच्या ओळीत बसवलं होतं. उजेड संपला तेव्हा रोल अर्धाच झाला होता. तेवढा पुरे झाला.

रोल अप्पांनीच धुतला. ते काम त्यांनी सोडलं नव्हतं. लाल दिवा लागला आणि दाराबाहेर सगळी माणसं उभी राहिली. आतून ओंदु, एरडु ऐकू यायला लागलं, आणि बाहेरून सगळ्यांनी धरलं: मूरु, नाल्कु. नूरु होईपर्यंत ज्यांना कन्नडचा गंध नव्हता त्यांनाही मोजता येत होतं. शेवटची बस कितीची आहे, हे त्या दिवशी मी कुणाला सांगितलं नाही.

रोल दोरीवर टांगला, मागे साधा दिवा धरला. लोक आपापल्याला शोधायला लागले. काळे दात, पांढऱ्या मिश्या, सगळ्यांच्या छात्या पुढं. प्रत्येक फोटोत तीन स्वच्छ ओळी, आणि मधोमध एक धुरकट माणूस, काळ्याभोर केसांचा, एका डोक्याची दोन-तीन डोकी झालेला.

अप्पांनी चष्मा लावला. दवाखान्यात उभे राहायचे तसे राहिले आणि पहिल्या फोटोपासून शेवटच्या फोटोपर्यंत सावकाश गेले.

"हा मधला पेशंट कोण?"

"तुम्ही," काकू म्हणाल्या.

"हललाय."

"सगळ्यांत हललाय," मी म्हटलं.

अप्पा आणखी जरा वेळ त्या काळ्या केसांच्या माणसाकडे बघत राहिले. मग त्यांनी मान हलवली आणि निदान सांगितलं, "याला परत बोलवावं लागेल."

चाचांनी चहाचे कप वाटायला घेतले.

यंदाचा मेळावा हुरड्याच्या पहिल्या रविवारी आहे. अप्पा स्टुलावर चढणार नाहीत, काकूंनी स्टूल माळ्यावर टाकलं आहे, म्हणून आभारांचं काम माझ्याकडे आलं. ते मी आत्ताच उरकून टाकते. वेळेवर चहा दिल्याबद्दल काकूंचे आभार. सतरंज्या झाडल्याबद्दल आणि म्हशींचा रोल घरी ठेवून आल्याबद्दल अकलूजच्या पाव्हण्यांचे आभार. चाकाकडे लक्ष ठेवल्याबद्दल चाचांचे आभार. आणि यंदाही मधोमध बसून, श्वास धरून, हलल्याबद्दल अप्पांचे आभार.